पुढची रेघ कोणाची?

कोल्हापूरला आपण कौतुकानं कलापूर म्हणतो. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. पण याच जिल्ह्यात, समजा कागलच्या एखाद्या चौकात, वीस-पंचवीस जण जमिनीवर उकिडवे बसून एकच चित्र काढत असले, तर त्याला कला म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आपण हौस म्हणतो, उपक्रम म्हणतो, फारच लाडात आलो तर 'छान विरंगुळा' म्हणतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती 'उत्साहात संपन्न' एवढीच. चित्र कुठं जमलं, कुठं फसलं, याबद्दल अवाक्षर नसतं. कारण परीक्षण चित्राचं करायचं असतं आणि हे चित्रच नव्हे, असं आधीच ठरून गेलेलं असतं.

हे ठरवणाऱ्यांचे आक्षेप नेहमीचे आहेत. चित्राखाली सही नाही. हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे. पाच जणांचा हात लागला की चित्र नासतं. आणि चौथा, जरा शिकलेला आक्षेप: परंपरेच्या नावाखाली बायकांच्या फुकटच्या राबणुकीला कलेचा मुलामा देऊ नका. यातला एकही आक्षेप पोरकट नाही. पण पहिले तीन चुकीचे आहेत. चौथा बरोबर आहे, मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. माझं म्हणणं असं, की अनेकांनी मिळून, लोकांसमोर, लोकांना सामील करून चित्र काढणं ही एक स्वतंत्र आणि अवघड कला आहे. तिला कसोटीही आहे. पुढची रेघ कुठं जाणार हे कोण ठरवतं, एवढंच तिथं तपासायचं.

आधी सहीचा आक्षेप घेऊ. ज्याखाली नाव नाही त्यामागे कलावंत नाही, असं मानणाऱ्यांना उत्तर द्यायला कागलकरांनी लांब जायला नको. साहेबमामा फत्तेलाल कागलचे, जन्म १८८६ चा. त्यांचा हात तयार झाला तो कोल्हापूरच्या पेंटरांच्या परंपरेत. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, तो हा काळ. नाटकाचा पडदा ही एकट्यानं खोलीत बसून रंगवायची वस्तू नाही. कापड ताणायला, अस्तर द्यायला, रंग घोटायला, महालाच्या कमानी आखायला, आभाळ भरायला वेगवेगळे हात लागतात. पडदा वर गेला की प्रेक्षक टाळ्या वाजवतो तेव्हा कमान कुणाची आणि आभाळ कुणाचं, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही.

पुढं हीच रीत पडद्यावरून रुपेरी पडद्यावर गेली. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तिच्या भागीदारांत फत्तेलाल होते. १९३६ च्या 'संत तुकाराम'वर दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल अशी जोडीनं नावं आहेत. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. आज कुणी 'संत तुकाराम' बघताना विचारतं का, की हे दृश्य दामल्यांचं की फत्तेलालांचं? ज्या गावानं असा माणूस दिला, त्या गावात 'एक चित्र, एक सही' हा नियम वेदवाक्यासारखा सांगितला जातो याची गंमत वाटते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की तिथं जाणते कारागीर होते, कुणीतरी शेवटचा शब्द टाकणारा होता. चौकातल्या हौशी गर्दीशी त्याची तुलना कशी करता? हा मुद्दा मान्य. म्हणूनच हात किती लागले याला मी महत्त्व देत नाही. शेवटचा शब्द एकाकडं ठेवून अनेक हात वापरणं ही कारखान्याची पद्धत झाली. तीही थोर असू शकते, प्रभातनं ते दाखवलं. पण ज्या चित्रात शेवटचा शब्दच वाटून दिलेला असतो, त्याची जात निराळी. मी त्या जातीबद्दल बोलतो आहे. आणि ती बाहेरून आलेली नाही.

दुसरा आक्षेप इथंच निकालात निघतो. 'सहभागी कला', 'पर्फॉर्मन्स' हे शब्द मुंबईच्या गॅलऱ्यांतून आणि कोचीच्या बिनालेतून आपल्याकडं आले, हे खरं. शब्द आले म्हणून गोष्टही त्यांच्यासोबतच आली असं नाही. पुण्याकडं ज्याला भोंडला म्हणतात तो आपल्याकडं हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर रांगोळीनं किंवा धान्यानं हत्ती काढायचा, नाहीतर समोरासमोर सोंडा उचललेल्या हत्तींचं चित्र भिंतीला लावायचं, त्याला फळांच्या माळा घालायच्या आणि हात धरून भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतही तशीच वाढत जाते आणि ती डबा उघडण्याआधी ओळखायची असते. आज या घरी, उद्या त्या घरी. यात चित्र आहे, देह आहे, आवाज आहे, वाढत जाणारी रचना आहे, कोडं आहे. बघ्या नावाचा माणूस मात्र नाही. आलेली प्रत्येक मुलगी फेरात उभी राहते. अमेरिकेत ॲलन कॅप्रो यांनी १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत प्रेक्षकांना सूचनांच्या चिठ्ठ्या देऊन इकडून तिकडं बसवलं आणि 'हॅपनिंग' या प्रकाराची सुरुवात झाली. कॅप्रो मोठेच. पण प्रेक्षक आणि कलावंत यांच्यामधली भिंत पाडायला त्यांना जी खटपट करावी लागली, ती भिंत आमच्या हादग्यात बांधलेलीच नव्हती.

हादग्यात हत्ती काढणारी बहुधा एकटीच असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ठिपक्यांच्या रांगोळीकडं येऊ. शिरगोळ्याची पूड चिमटीत धरली, की पहिलं काम ठिपक्यांचं. उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद जमिनीवर ठेवून त्यावरून पूड फिरवली की ठिपके हजर. पंधरा ते आठ, नाहीतर एकवीस ते एक, असा आकडा आधी ठरतो. हा आकडा म्हणजे सगळ्यांत मिळून केलेला करार. त्यानंतर अंगणाच्या दोन्ही टोकांना दोघी बसतात, मधे तिसरी. वळसा कुठल्या ठिपक्याला घालायचा, पाकळी आत वळवायची की बाहेर, हे हात चालता चालता ठरतं. पलीकडची काय करते आहे याकडं एक डोळा ठेवावा लागतो, कारण दोन रेघा कुठंतरी भेटणार असतात.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना सॉल लेविट शिकवतात. या अमेरिकन चित्रकारानं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भिंतीवरची चित्रं स्वतःच्या हातानं काढण्याऐवजी सूचना लिहून द्यायला सुरुवात केली. सूचना हेच चित्र. रेघा मदतनीस मारतील, प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा रंगवून टाकायची. समकालीन कलेतलं हे मोठं पाऊल मानलं जातं, आणि ते मोठं आहेच. पण 'पंधरा ते आठ' हीसुद्धा सूचनाच आहे. ती कुणाच्या मालकीची नाही, तोंडातोंडी चालत येते, दर सकाळी वेगळ्या हातांनी अमलात येते आणि दुसऱ्या दिवशीच्या सड्यानं पुसून जाते. लेविटची सूचना संग्रहालय विकत घेतं आणि प्रमाणपत्रासह जपतं. आमची सूचना बाजारात कागदाला भोकं पाडून मिळते. किमतीतला हा फरक बाजाराचा आहे, कलेच्या दर्जाचा नाही.

धुळीच्या चित्राला आपल्या जुन्या ग्रंथांतही जागा होती. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुलांनी केलेल्या रचना मोजल्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचं नाव येतं. म्हणजे राजदरबारात बसून चित्रशास्त्र लिहिणाऱ्याला पुडीनं काढलेलं चित्र चित्रांच्या यादीत घ्यायला कमीपणा वाटला नव्हता. तो आपल्याला कधी वाटायला लागला, याचा शोध कलाशाळांच्या अभ्यासक्रमात घ्यावा.

आता तिसरा आक्षेप, आणि खरी झुंज इथंच आहे. 'सगळ्यांचा हात लागला की चित्र नासतं.' अनेकदा नासतं, यात वाद नाही. दहा जण दहा दिशांना ओढतात, कुणी गुलाब काढतं, कुणी त्याच्या शेजारी विमान, आणि शेवटी भाजी मंडईचा फळा दिसतो. पण एकट्यानं काढलेली चित्रंही बहुतेक वाईटच असतात. त्यावरून कुणी चित्रकला बाद करत नाही. भजनात वीस आवाज असतात म्हणून ते संगीत नव्हे, असं कागलात जाऊन सांगायची कुणाची छाती आहे? बेसूर भजन आणि सुरेल भजन यांतला फरक आपल्याला कळतो. मग अनेकांच्या चित्रातला बेसूर आणि सूर ओळखायची नजर का कमवू नये?

ती नजर कशावर रोखायची, हे सांगतो. शेजारच्या हाताची रेघ वाचता येते का, हे आधी बघायचं. चांगली जोडीदारीण समोरून येणाऱ्या वळणाचा वेग ओळखते आणि आपला वळसा त्याप्रमाणं मोठा किंवा लहान करते. मग चूक कशी पचवली जाते ते बघायचं. एकीची रेघ ठिपका चुकून पुढं गेली, तर कच्चा गट ती पुसून टाकतो. कसलेला गट तीच चूक समोरच्या बाजूला मुद्दाम घडवून तिची नक्षी करतो. आणि जागा सोडता येते का, हेही. जमिनीवरचा रिकामा भाग कुणाचाच नसतो, म्हणून तो भरायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. तो रिकामा राहू देणं हा सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय असतो आणि तो फार थोड्या गटांना झेपतो. ही कौशल्यं स्टुडिओत शिकता येत नाहीत, कारण स्टुडिओत दुसरा हातच नसतो. एकट्याच्या चित्रात जसं बोटांवरचं प्रभुत्व, तसं इथं दुसऱ्याच्या निर्णयाशी वागण्याचं प्रभुत्व. त्यालाच मी इथली कारागिरी म्हणतो.

आणि हे सगळं घडताना दिसतं, म्हणून ते प्रयोगाच्या जातीचं आहे. चित्र पुसलं जातं, विकता येत नाही, भिंतीवर टांगता येत नाही. मग उरलं काय, असा प्रश्न करणाऱ्यांनी आनंद यादवांचा गुणा कागलकर आठवावा. 'नटरंग' कादंबरीतला हा शेतमजूर तमाशाचा फड उभारतो आणि नाच्या होण्याची किंमत मोजतो. २०१० साली त्यावर चित्रपट आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं त्याच्या नावातलं कागल ऐकलं. फड उठला की मागं मोकळं मैदान राहतं, म्हणून तमाशा ही कला नव्हे, असं त्याला सांगून बघा. नाटक, तमाशा, भजन, कीर्तन यांच्याकडं आपण शिल्लक मागत नाही. चित्राकडं मात्र मागतो, कारण चौकट आणि किंमत यांच्याशिवाय चित्र बघायची सवय आपण घालवून बसलो आहोत.

या कलेला तिच्या विरोधकांपेक्षा तिच्या खोट्या मित्रांपासून जास्त धोका आहे. विश्वविक्रमी रांगोळी हा त्यातला सगळ्यात गाजावाजाचा प्रकार. मैदान घ्यायचं, एका कलाकारानं चौकटी आखून महापुरुषाचा किंवा वाढदिवस असलेल्या नेत्याचा चेहरा बेतायचा, शेकडो मुलांना पोती भरून रंग द्यायचा आणि 'तू इथं तपकिरी भर' म्हणून सांगायचं. मुलं उन्हात भरतात. जमिनीवरून त्यांना चित्र दिसतही नाही. ते दिसतं ड्रोनला. बातमीत पोत्यांचा आकडा येतो, चौरस फुटांचा येतो, संयोजकाचं नाव येतं. याला लोकसहभाग म्हणणं म्हणजे ऊस तोडणाऱ्याला साखर कारखान्याचा चालक म्हणण्यासारखं आहे. इथं हात शेकड्यांनी आहेत, पण पुढची रेघ ठरवणारा एकच. माझ्या कसोटीवर हे सामूहिक चित्र नापास होतं, कितीही विक्रम नोंदवले तरी. शाळेच्या गॅदरिंगला लांबलचक कापडावर आधी छापलेल्या रेघांत रंग भरायला लावतात तेही त्यातलंच.

ब्रिटिश समीक्षक क्लेअर बिशप यांनी २००६ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात आणि नंतर २०१२ च्या पुस्तकात हाच दुखरा भाग दाबला होता. सहभागी कलेबद्दल लिहिणारे तिच्या चांगल्या हेतूंवरच खूश होतात, लोक एकत्र आले ना, मग झालं, असं म्हणतात आणि कलाकृती म्हणून ती कशी आहे हे विचारतच नाहीत, असा त्यांचा सूर. मी त्यांच्या बाजूचा आहे. 'सर्वांनी आनंदानं भाग घेतला' ही प्रशस्ती कलेला मिळालेली शिवी आहे. चौकातल्या चित्राला टीका करण्याइतकं मोठं मानावं, एवढीच मागणी आहे. पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पणत्यांसोबत रांगोळ्या काढतात. तिथं सामाजिक संदेश वाचून आपण मान डोलावतो. त्यातली कुठली रांगोळी अनेकांनी खरोखर मिळून रचली आणि कुठली एकानं आखून इतरांकडून भरून घेतली, हा प्रश्न त्या घाटावरही विचारायला हवा.

निर्णय वाटलेला असणं आणि एकवटणं यांत काय बदलतं, ते वारली चित्रांच्या बाबतीत स्पष्ट दिसतं. लग्नघरात भिंतीवर काढायचा चौक हे सवाशिणींचं काम. कुडाची, शेणा-गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि काडी. चौकात पालघट देवी, भोवती जनावरं, झाडं, माणसं. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोचले, चित्रं कागदावर आली, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोचले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांची प्रतिभा वादातीत आहे. त्यांनी रेषेला जी गती दिली ती चौकात नव्हती. पण या प्रवासात चित्र भिंतीवरून कागदावर, लग्नातून बाजारात आणि अनेक बायकांच्या हातांतून मुख्यतः पुरुषांच्या सहीखाली आलं. कागदावरच्या चित्राला आपण ताबडतोब कला म्हटलं. भिंतीवरच्या चौकाला आदिवासींचा विधी म्हणत राहिलो. मशे यांचा मान तसूभर कमी न करता हे म्हणता येतं, की आपण जे ओळखलं ते चित्र नव्हतं, सही होती.

इथं चौथा आक्षेप पुढं येतो, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. चौक काढायचा सवाशिणींनी. म्हणजे विधवा बाहेर. चैत्रांगण, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं ही बायकांची व्रतं, म्हणजे पहाटे उठून कंबर मोडेपर्यंत वाकणं बायकांच्याच वाट्याला. अंगण कुणाला होतं आणि कुणाला दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचीही मुभा नव्हती, हे कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांच्या मुलखात वेगळं सांगायला नको. १९०२ साली त्यांनी सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा प्रश्न हाच होता: आत कुणाला घेता? 'सामूहिक' या गोड शब्दाखाली ज्यांना समूहातच धरलं नाही त्यांची नावं पुसली जातात. हा आरोप खरा आहे आणि परंपरेचे भाट तो चुकवतात.

पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष काय? की हे सगळं घरकाम आहे, कला नव्हे. याला कला म्हणाल तर शोषण झाकाल. मला हे उलटं वाटतं. कला न म्हटल्यानंच ते झाकलं गेलं. घरकामात कुणाला डावललं हा घरातला मामला ठरतो. कलेत कुणाला डावललं हा जाहीर प्रश्न होतो. गायनात, नाटकात, साहित्यात कुणाला शिरकाव नव्हता यावर आपण शंभर वर्षं भांडतो आहोत, कारण त्या गोष्टींना कला मानलं आहे. अंगणातल्या चित्राला तो दर्जा दिला की तिथंही तेच विचारावं लागेल: विधवेच्या हातात चिमटी का नाही? पुरुष का वाकत नाहीत? ठिपके कुणी ठरवले? 'पुढची रेघ कोणाची' ही कसोटी सौंदर्याची आहे तशीच न्यायाचीही आहे, आणि दोन्ही एकाच जागी तपासता येतात ही या कलेची ताकद आहे.

शिवाय हा प्रकार वाटतो तितका निरुपद्रवी नाही. २०१९ च्या डिसेंबरात चेन्नईच्या बेझंट नगरात नागरिकत्व कायद्याच्या विरोधात काही जणांनी रस्त्यावर कोलम काढले, तर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. तांदळाच्या पिठाची रेघ, तीही घराघरांपुढं रोज काढली जाते तशीच. तिची भीती वाटली, कारण ती सार्वजनिक जागेवर अनेकांनी मिळून काढली होती. विरंगुळ्याला कुणी ताब्यात घेत नाही.

मग करायचं काय? सुरुवात शाळेपासून करू. आपल्याकडं चित्रकला शिकवली जाते ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांच्या दिशेनं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाची श्रेणी वेगळी, आणि दहावीला त्याचे वाढीव गुण. या परीक्षांनी खेडोपाडी चित्रकलेचा शिक्षक टिकवून ठेवला, हे उपकार मोठे आहेत. पण कागदावर हात आडवा धरून शेजाऱ्यापासून चित्र लपवायची सवयही त्यांनीच लावली. ज्या मुलानं दहा वर्षं चित्र लपवलं, त्यानं एकदम दुसऱ्याच्या रेघेला जोडून रेघ ओढावी ही अपेक्षा कशी करायची? चित्रकलेच्या तासांपैकी निदान काही तास अशा चित्राला द्यावेत ज्याचा कागद एकच असतो आणि ज्याचे गुण कुणा एकाला देता येत नाहीत. गुण देता येत नाहीत ते शिकवायचंच नाही, अशी आपली समजूत असेल तर तीही एकदा तपासून घ्यावी.

शाळेबाहेर, कागलसाठी माझा एक ठोस प्रस्ताव आहे. इथं गहिनीनाथ गैबीपीराचा उरूस भरतो. एकाच नावात नाथ आणि पीर दोन्ही नांदतात, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. त्याच गैबी चौकात निवडणुकीच्या सभा गाजतात. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगाच नाही. इथं माणूस भेटला की आधी त्याचा गट ओळखला जातो. एखाद्या सकाळी हा चौक काही तासांसाठी चित्राला द्यावा. आधी आखलेली रूपरेषा नको. फक्त नियम असावेत, ठिपक्यांच्या आकड्यासारखे थोडे आणि कडक. येणाऱ्या प्रत्येकाला एकच रेघ. ती आधीच्या माणसाच्या रेघेच्या टोकापासून सुरू व्हायला हवी. कुणाची रेघ पुसायची नाही. नाव लिहायचं नाही. फलक नाही, बक्षीस नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. दुपारी रस्ता झाडून वाहतूक सुरू. वाटेल तो येईल: उसाच्या ट्रॅक्टरवरून उतरलेला, कॉलेजला निघालेली, नमाजाहून परतणारा, बाजाराला आलेली म्हातारी. आणि या गटाच्या माणसाला त्या गटाच्या माणसानं जिथं रेघ सोडली तिथंच चिमटी टेकवावी लागेल.

स्लोव्हाक कलावंत रोमान ओंदाक यांनी २००७ मध्ये असाच साधा नियम केला. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येकाची उंची कर्मचाऱ्यांनी भिंतीवर खूण करून नाव-तारखेसह लिहायची. दिवसागणिक मोकळ्या भिंतीवर माणसांच्या सरासरी उंचीइतक्या जागी काळा पट्टा दाट होत गेला. कुणीही त्या पट्ट्याचं चित्र बेतलं नव्हतं. तरी त्याला रचना होती, घनता होती, विरत जाणाऱ्या कडा होत्या. नियम चांगला असला की गर्दीतून रूप निघतं, हे तिथं दिसलं. मात्र तिथं खूण करणारा हात कर्मचाऱ्याचा होता आणि येणाऱ्यानं फक्त उभं राहायचं होतं. गैबी चौकात हात ज्याचा त्याचा असेल, म्हणून तिथलं चित्र जास्त अवघड होईल आणि जास्त वेळा फसेलही.

फसू द्या. फसलं तर वर्तमानपत्रानं तसं छापावं: अमुक बाजूला रेघा एकमेकींना ऐकेनाशा झाल्या, मधली मोकळी जागा घाईनं भरली, तिसऱ्या तासानंतर वळणं सैल पडली. असं परीक्षण ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी या कलेला तिची जागा मिळाली असं मी मानेन, कौतुकाच्या दहा बातम्यांनी नाही. आणि ज्यांना अजूनही हे हौशी लोकांचं काम वाटतं, त्या सिद्धहस्त चित्रकारांना आमंत्रण आहे. त्यांनीही रांगेत उभं राहावं, एकच रेघ ओढावी आणि पुढचा माणूस तिचं काय करतो ते हात मागं बांधून बघावं. ज्याच्या हातात आयुष्यभर ब्रश राहिला त्याला रेघ सुरेख ओढता येणारच. ती दुसऱ्याच्या हवाली करून गप्प राहणं जमतं की नाही, याची परीक्षा त्यानं अजून दिलेली नाही.